पाहुण्याचा लोटा

दिवाळी अंक उघडलात आणि विषय निघाला आदिवासी गावात प्यायचं पाणी नेण्याचा, की पुढे काय येणार ते तुम्हाला पाठ असतं. आधी भेगाळलेली जमीन. मग डोक्यावर हंडा घेतलेली बाई. मग शहरातला तरुण, त्याचे भरून आलेले डोळे. शेवटी एक म्हातारी थरथरता हात त्याच्या डोक्यावर ठेवते आणि तरुण लिहितो, ‘मी त्यांना पाणी दिलं, पण त्यांनी मला जगायला शिकवलं.’ असे लेख मीही वाचलेत. डोळे पुसलेत आणि लगेच पान उलटून चकलीची रेसिपी बघितली आहे.

म्हणून आधीच सांगून ठेवतो. ह्या लेखातली म्हातारी डोक्यावर हात ठेवत नाही. जमीन ठीकठाक आहे. आणि मी जगायला बिगायला काही शिकलो नाही. मी तिथे जळायला जायचो. केदारवर.

मी विनायक, सगळ्यांचा विन्या, गाव जिंतूर. शाळेत अभ्यास यथातथाच, पण गॅदरिंगमध्ये मी हेडसरांची नक्कल करायचो ती हेडसर पहिल्या रांगेत बसून बघायचे आणि सोमवारी तिच्याबद्दल कान पिळायचे. नंतर इंजिनिअर झालो आणि नोकरीनं मला उचलून कोलकात्यात, न्यू टाउनच्या एका काचेच्या इमारतीत ठेवलं. मी सॉफ्टवेअर तपासतो, म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका काढतो. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “आणि ह्याचा पगार देतात?”

समाजसेवेत मी पिठल्यासाठी शिरलो. इथे आल्यावर पहिले काही महिने गोड डाळ आणि गोड भाजी खाऊन माझी जीभ बावचळली होती. अशात कुणीतरी नलूकाकूंचा पत्ता दिला. काकू जन्मानं कोलकात्याच्या, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, राहायला बागबाजारला. मराठ्यांनी शहरात घुसू नये म्हणून पूर्वी जो खंदक खणायला घेतला, तो बागबाजारपासूनच सुरू झाला होता. काकू म्हणतात, “त्यांनी एवढं खणलं, पण बघ, मी आतच आहे.” त्या दिवशी त्यांनी झणझणीत पिठलं वाढलं, भाकरी वाढली, वर ठेचा दिला, आणि मी बोटं चाटत असताना म्हणाल्या, “जेवलास ना पोटभर? मग शनिवारी सकाळी सियालदह स्टेशनला ये. काम आहे.”

ते काम म्हणजे मोहुलडांगा. बीरभूम जिल्ह्यातलं संथाळांचं गाव. सियालदहहून गाडीनं बोलपूर, तिथून पुढे टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा. लाल माती, शेणामातीनं सारवून रंगवलेल्या भिंती. भिंती इतक्या चकचकीत की आमच्या ऑफिसच्या लॉबीला लाज वाटावी.

आता धंद्याची गोष्ट, थोडक्यात. तुम्हाला वाटेल गावात पाणी नव्हतं. होतं. दोन ठिकाणी होतं, आणि तीच अडचण होती. गावात सरकारी हातपंप आहे. त्याचं पाणी खोलातलं, जंतू नाहीत, पण लोखंड फार. बादलीत घेऊन ठेवलं की थोड्या वेळानं तांबूस होतं, वास येतो, भात पिवळा शिजतो, चहा काळा होतो. तिथल्या कोरड्या नदीच्या वाळूत लोक हातानं खड्डा करतात, त्याला म्हणतात चुआँ. त्यात झिरपून येणारं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, चवीला गोड. त्याच वाळूत वरच्या अंगाला गुरं बसतात, आणि माणसंही सकाळची आपापल्या कामाला बसतात. म्हणजे घाण दिसणारं पाणी चांगलं आणि चांगलं दिसणारं पाणी घाण. आता हे कुणाला पटवून दाखवा!

काकूंचा उपाय सोपा आहे. पंपाचं पाणी भोकांच्या ताटलीतून शॉवरसारखं खाली पाडायचं. हवा लागली की पाण्यातल्या लोखंडाला गंज चढतो. तो गंज खालच्या पिंपातल्या कोळशात आणि वाळूत अडकतो, आणि नळाला येतं निवळ पाणी. एकच कटकट. वाळूच्या वरच्या थरावर तांबडा चिखल बसतो, तो दर आठवड्याला खरवडून वाळू धुवायची. नाही धुतली तर पिंप तुंबतं. पाण्याची समाजसेवा म्हणजे नव्वद टक्के वाळू धुणं. फोटोत हे येत नाही.

माझ्याकडे प्रयोग दाखवायचं खातं होतं. पंपाच्या पाण्यात पेरूचं पान चुरगाळलं की पाणी काळंजांभळं होतं. फिल्टरच्या पाण्यात तेच पान चुरगाळा, काही होत नाही. झाली की नाही जादू? मी ती नुसती करायचो नाही, तिचा खेळ करायचो. आधी तोंडानं हातपंपाचा आवाज, तो गंजलेला, ‘क्र्याँव-घुप, क्र्याँव-घुप’. मग त्या आवाजाला उत्तर देणारा बोकड. मग सियालदहची घोषणाबाई, जी पेरूच्या पानाची गाडी उशिरानं येणार असल्याचं जाहीर करते. गाव पोट धरून हसायचं. माझं बंगाली मोडकंतोडकं आणि संथाळी शून्य, तरी मी तिथला हिट माणूस होतो.

म्हणजे असं मला वाटायचं.

केदार हा दुसरा कार्यकर्ता. कोलकात्यातच जन्मलेला मराठी मुलगा, बंगाली फर्डं, संथाळीही बऱ्यापैकी उचललेली. मराठी मात्र अशी की “काकू, मी जरा पाणी खाऊन येतो.” बंगालीत पाणी खातात, म्हणून हाही खातो. उंच, गोरा, शांत. विनोद करत नाही. केलेला कळला की थोड्या वेळानं हसतो. गावात गेला की पँट दुमडायची, पिंप उघडायचं आणि बायकांबरोबर उकिडवं बसून वाळू धुवत राहायचं, एवढंच. मी त्याची नक्कल बसवायचा खूप प्रयत्न केला. जमेना. नक्कल करायला माणसात काहीतरी वाकडं असावं लागतं.

तर ह्या केदारला लोटा मिळायचा.

संथाळांकडे पाहुणा आला की घरची बाई काशाच्या लखलखीत लोट्यात पाणी आणते, पाहुण्यासमोर ठेवते आणि वाकून ‘जोहार’ करते. आमचा दिवसभराचा तळ फूलमणी आयोच्या अंगणात असायचा. आयो म्हणजे आई, सगळं गाव तिला तसंच हाक मारतं. गावात फिल्टर बसला तो तिच्यामुळे. तिची नात जुलाबानं हॉस्पिटलात पडून होती, मरता मरता वाचली, तेव्हापासून आयो फिल्टरसाठी साऱ्या गावाशी भांडत आली होती. आम्ही पोचलो की ती लोटा आणायची, काकूंना जोहार, केदारला जोहार. त्याला खाट, त्यावर गोधडी.

आणि मला? “ए बांदोर, बकरी चुलीपाशी गेली, बघ जरा.”

बांदोर म्हणजे माकडच. तो केदारबाबू, मी बांदोर. त्याला पानांची पत्रावळ मांडून गरम भात. मला, “हंडीत असेल बघ उरलेला, घे आपला.” मी आपला चुलीपाशी जाऊन झाकण काढून हातानं खायचो आणि जळायचो. एवढं हसवतो मी! हा माणूस नुसती वाळू चोळतो. मी एकदा काकूंपाशी हळूच विषय काढला.

“काकू, ही आयो माणूस बघून लोटा देते का हो?”

“तुला तहान लागली आहे का?”

“तसं नाही...”

“मग गप्प बस.”

ह्या वर्षी उन्हाळ्यात गोष्ट चिघळली. बायका पुन्हा चुआँकडे जायला लागल्या होत्या. फिल्टरच्या पाण्याला चव नाही म्हणायच्या. काकूंचा नियम कडक आहे. आमच्याकडे पिंपं मोजकी, आणि मागणारी गावं बरीच. जिथे वापरत नाहीत तिथून उचलून दुसरीकडे लावायचं. रविवारी सकाळी गावचा प्रमुख, त्याला तिथे ‘माझी’ म्हणतात, त्याच्या दारात बैठक ठरली. पिंप राहणार की जाणार, ते तिथे ठरायचं. आयोनं आदल्या आठवड्यात घरोघर फिरून बायका वळवत आणल्या होत्या. शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा फिल्टरच्या नळाला खरंच रांग होती. काकू टोटोतून उतरता उतरता म्हणाल्या, “आज कुणी काही शहाणपणा करायचा नाही.” बघत माझ्याकडे होत्या.

आयो लोटा घेऊन आली. काकूंना जोहार झाला. दुसरा लोटा तिनं केदारच्या पायाशी ठेवला, आणि कधी नव्हे ते हसून दोन वाक्यं बोलली. केदार लाजला.

“काय म्हणाली रे?” मी विचारलं.

“काही नाही. म्हणाली, हे घर तुझ्या पायानं शोभतं.”

शोभतं! माझ्या पायानं ह्या घराची बकरी पळते, आणि ह्याच्या पायानं शोभतं! माझ्या डोक्यात काय शिरलं ते मला अजून सांगता येत नाही. मी पुढे झालो, केदारच्या पुढ्यातला लोटा उचलला, रांगेतल्या सगळ्या बायकांकडे तोंड केलं आणि उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यासारखा हात हलवला. मग मान मागे टाकून लोटा उलटा केला आणि गट-गट-गट सगळा संपवला. मिशी नव्हती तरी मिशीवरून मनगट फिरवलं आणि लांबलचक ‘हाऽऽ’ केलं.

टाळ्या आल्या नाहीत. रांगेतली एक बाई फिस्सकन हसली, आणि मग सगळ्या. पण ते माझं नेहमीचं हसू नव्हतं. कुठलं हसू आपलं आणि कुठलं आपल्यावरचं, हे नकलाकाराला लगेच कळतं.

केदार पांढरा पडला. “विन्या, अरे, तो खायचा नसतो.”

“काय?”

“लोटा. तो हातपाय धुवायला असतो. आणि पाणी चुआँचं आहे. पंपाच्या पाण्यानं कासं डागाळतं ना, म्हणून पाहुण्याचा लोटा त्या चुआँवरनंच भरतात.”

पाय धुवायचं पाणी प्यालो ह्याचं मला काही वाटलं नसतं. गोड होतं खरंच. पण तेवढ्यात रांगेतली एक बाई आपला हंडा उचलून दुसरीला काहीतरी म्हणाली, आणि ती तिसरीला. केदारनं सांगायची गरज नव्हती. फिल्टर आणणारा माणूसच चुआँचं पाणी चवीनं पितो, मग आम्ही कशाला इथे उभ्या राहू? रांग नदीकडे वळली. नळ आपला एकटाच थेंब थेंब गळत राहिला.

आयोनं माझ्या हातातून लोटा काढून घेतला, पदरानं पुसला आणि ती आत गेली. नात तिच्यामागे गेली.

काकूंनी मला शाळेच्या व्हरांड्यात गाठलं, जिथे आम्ही झोपायचो. मला वाटलं ओरडतील. त्या वर्गात शिकवतात तशा शांतपणे म्हणाल्या, “ती बाई आठवडाभर एकेका उंबऱ्यावर गेली. तू एका घोटात धुवून टाकलंस. उद्या बैठकीत मी काय बोलू, तेवढं सांग.”

केदार शेजारी चादर अंथरत होता. मला वाटलं, आता हा तरी मला चार शब्द सुनावेल, म्हणजे मी त्याच्याशी भांडेन आणि बरं वाटेल. त्यानं विचारलं, “तुझ्या पोटाला बरं आहे ना?” असल्या माणसाचं करायचं काय?

पोट पहाटेपर्यंत बरं होतं.

पुढचं वर्णन फराळाच्या अंकात शोभणार नाही, म्हणून आवरतं घेतो. बैठक भरली तेव्हा मी भिंतीला टेकून बसलो होतो, चेहरा पिवळा, कपाळाला घाम. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मधे खाटेवर गावप्रमुख माझी आणि काकू. काकू बंगालीत सांगत होत्या, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही न दिसणारे जंतू असतात. सगळे मान हलवत होते. न दिसणाऱ्या गोष्टीवर माणूस जशी मान हलवतो तशी. त्या ‘जंतू’ म्हणाल्या आणि मी उठलो, झुडपांकडे पळालो. परत येऊन बसलो. माझीनं विचारलं, “पण वाडवडील तेच पाणी पीत आले, त्यांचं काय?” काकू उत्तराला तोंड उघडतायत तोवर मी पुन्हा पळालो.

तिसऱ्यांदा परत येत होतो तेव्हा सगळं गाव हसत होतं. मला बघून नाही. मधे आयो उभी होती.

तिच्या हातात लोटा होता. तिनं आधी मंत्र्यासारखा हात हलवला. मग मान मागे टाकून गट-गट-गट, मिशीवरून मनगट, आणि ‘हाऽऽ’. ते ‘हाऽऽ’ माझंच होतं, शेवटच्या हेलकाव्यासकट! मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. डोळे बारीक झाले, भुवया वर गेल्या, एक हात पोटावर आला, गुडघे एकमेकांना चिकटले, आणि ती म्हातारी त्या चिकटलेल्या गुडघ्यांनी तुरुतुरु झुडपांकडे पळाली. अर्ध्यात थांबली, मागे वळून मंत्र्यासारखा पुन्हा एकदा हात हलवला आणि पळाली. माणसं लोळायची बाकी होती. माझीच्या डोळ्यांतून पाणी आलं. काकू, ज्या माझ्या कुठल्याही नकलेला आजवर नाकानं सुद्धा हसल्या नव्हत्या, त्या तोंडाला पदर लावून गदगदा हसत होत्या.

मी आयुष्यभर नकला केल्या, आणि माझ्या कामाची सगळ्यात मोठी दाद दुसरीच बाई घेऊन गेली. खरं सांगतो, त्या वेळी पोटापेक्षा ते जास्त दुखलं. केदारवरची माझी जळजळ त्याच्यापुढे काहीच नव्हती. गुडघे चिकटवायचं मला कधी सुचलं नसतं!

हसू ओसरलं तशी आयो परत मधे आली. आता ती नाटक करत नव्हती. तिनं नातीला पुढे उभं केलं, माझ्याकडे बोट दाखवलं आणि माझीशी संथाळीत बोलली. केदार माझ्या कानाशी मराठी करत होता.

“म्हणते, हा बघा, खाऊनपिऊन वाढलेला घोडा. एका लोट्यात आडवा झाला. ही एवढीशी पोर रोज तेच पाणी खात होती. सांगा, हिचं पोट कशाचं बनलंय?”

माझीनं आपल्या सुनेला हाक मारली आणि रिकामा हंडा फिल्टरकडे न्यायला सांगितला. बाकीच्या बायका तिच्यामागे उठल्या. ह्या वेळी रांगेत कुणी हसत नव्हतं. काकूंनी चष्मा काढून पुसला आणि पिंप राहणार एवढंच म्हणाल्या.

मोहुलडांग्यातला फिल्टर आजही चालू आहे. तो कुणामुळे टिकला ह्यावर आमच्या रविवारच्या पिठल्यात वाद होतो. काकू म्हणतात आयोमुळे. केदार म्हणतो आयोमुळे. माझ्या पोटाचं नाव कुणी घेत नाही.

बैठक उठल्यावर मी आयोच्या अंगणात सावलीला पडलो होतो. ती आली, हातात वाटी, फिल्टरच्या पाण्यात मीठ आणि साखर. मला वाटलं, आलाच आता तो प्रसंग. थरथरता हात, डोकं वगैरे. मी डोळे मिटून तयारीत राहिलो.

पाठीत धपाटा बसला.

वाटी माझ्या हातात कोंबून मग ती सुरू झाली. पहिली दोन वाक्यं बंगालीत होती. मग राग वाढला आणि ती सरळ संथाळीत गेली. केदार खाटेवर बसला होता, त्याच्या पुढ्यात लोटा, ह्या वेळी फिल्टरच्या पाण्याचा. कासं डागाळलं तर राखेनं घासू, असं तिनं सकाळीच जाहीर केलं होतं. तो मला एकेक वाक्य सांगत होता.

“म्हणते, लाज नाही तुला? पाहुण्याच्या पुढ्यातला लोटा उचलतोस?”

“तिला सांग, मलाही द्यायचा ना मग एखादा.”

त्यानं सांगितलं. आयोनं कपाळाला हात मारला आणि दुप्पट आवाजात सुटली.

“म्हणते, तुला? तू कुठला पाहुणा? पाहुणा पुढच्या दारानं येतो, उभा राहतो. तू मागनं येतोस, गोठ्यातनं. न विचारता माझ्या हंडीचं झाकण काढतोस. माझ्या चुलीत बिडी...”

“बिडीचं काकूंना सांगू नको.”

“...पेटवतोस. घरच्या पोराला कुणी लोटा देतं का?”

पुढे ती बरंच बोलली. हातवारे करत, माझ्या केसांवरून, माझ्या चपलांवरून, बहुतेक माझ्या सात पिढ्यांवरून. केदार गप्प झाला होता.

“अरे, पुढचं सांग ना.”

“नको.”

“का? फार वाईट आहे?”

“नाही,” तो लोट्याकडे बघत म्हणाला. “इतकी वर्षं येतोय मी. मला ती एकदा सुद्धा अशी बोलली नाही.”

त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. ते तोंड मी ओळखलं, रोज आरशात बघायचो मी ते. पहिल्यांदाच मला त्याची नक्कल करता येईल असं वाटलं.

पण आयोचं अजून संपलं नव्हतं. तिनं रिकामी वाटी माझ्या हातातून हिसकावली, वाळू धुवायला उठणाऱ्या केदारला हातानंच ‘बसा, बसा’ केलं, आणि मला ऐकू यावं म्हणून शेवटचं मुद्दाम बंगालीत ओरडली, “पाहुण्याला वाळू धुवायला लावून पडून काय राहिलास, बांदोर? ऊठ! पिंप काय तुझा बाप येऊन धुणार आहे?”

मी उठलो.